आईची काळजी आईच्याच पैशातून: दीर्घकाळच्या शुश्रूषेचा हिशेब आणि त्याआधीच्या सह्या

प्रश्न पुण्यातील एका ५१ वर्षांच्या नोकरदार मुलीचा आहे. तिची आई ७८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आणि गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडल्यापासून आईला एकटे ठेवता येत नाही. वडील राज्य शासनाच्या सेवेत होते. त्यांच्या मागे आईला सुमारे २६ हजार रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ठेवी ४२ लाखांच्या आहेत: १४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, १६ लाख एका सहकारी बँकेत आणि १२ लाख पतसंस्थेत. राहता फ्लॅट वडिलांच्या नावावर होता आणि सोसायटीने नॉमिनी म्हणून तो आईच्या नावे केला आहे. शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या दोन मावशी, दिवसाची एक आणि रात्रीची एक, मिळून ३६ हजार रुपये घेतात. डायपर आणि औषधांना १० हजार, फिजिओथेरपी व डॉक्टरांच्या भेटींना ५ हजार, जेवण, वीज आणि सोसायटीच्या वर्गणीला ११ हजार, असा महिन्याचा खर्च ६२ हजारांवर जातो. भाऊ अमेरिकेत आहे. घर आत्ताच दोघांच्या नावे बक्षीसपत्राने करून घ्यावे, असे त्याचे म्हणणे आहे. मुलीचा प्रश्न असा: हे पैसे किती दिवस पुरतील, घर विकावे लागेल का आणि नोकरी सोडून मीच आईजवळ राहू का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. तुमच्या आईचे पैसे आजच्या अंदाजाने आठ ते नऊ वर्षे पुरतील आणि तोपर्यंत घराला हात लावावा लागणार नाही. नोकरी सोडू नका. घराचे बक्षीसपत्र करू नका. मात्र एका गोष्टीची तुमच्याकडे खरी टंचाई आहे आणि ती पैशांची नाही. आईचे पैसे आईसाठी वापरण्याचा कायदेशीर मार्ग तिला समजून सही करता येत आहे तोवरच बांधता येतो, आणि हे दिवस मोजके आहेत. म्हणून गुंतवणुकीच्या आधी सह्यांकडे लक्ष द्या, असे मी आग्रहाने सांगतो.

या खर्चाचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. रुग्णालयाचे बिल एकदा येते आणि संपते, शुश्रूषेचा खर्च दरमहा येतो आणि तो कधी थांबेल हे कोणीच सांगू शकत नाही. देशभरातील पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. तरीही जर्मनीत १९९५ पासून किंवा जपानमध्ये २००० पासून आहे तशी सक्तीची शुश्रूषा विमा व्यवस्था आपल्याकडे नाही. आरोग्य विमा रुग्णालयातील उपचारांसाठी असतो, घरच्या मावशीचा पगार तो देत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. आईचे हे कार्ड नसेल तर ते काढून घ्या, कारण पुन्हा पडणे, न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठी रुग्णालयात जावे लागणे या आजारात नेहमीचेच असते आणि तो भार ठेवींवर पडू नये. तुमचे नेहमीचे रुग्णालय योजनेत आहे का, एवढे मात्र आधी विचारून ठेवा. परंतु दरमहाचे ६२ हजार आईच्या उत्पन्नातून आणि साठ्यातूनच यायचे आहेत, हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब आहे.

या हिशेबात मी खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल, महागाई भत्त्यामुळे निवृत्तिवेतन ५ टक्क्यांनी वाढेल आणि ४२ लाखांवर सरासरी ७.३ टक्के व्याज मिळेल असे धरले आहे. पहिल्या वर्षी निवृत्तिवेतन वजा जाता महिन्याला ३६ हजार कमी पडतात आणि त्यातले सुमारे २५ हजार व्याजातून येतात. म्हणजे मुद्दलाला महिन्याला दहा-अकरा हजारांचीच झळ बसते, आणि त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे काहीच घडत नाही असे वाटते. खरी घसरण नंतर सुरू होते. पाचव्या वर्षी खर्च ८४ हजारांवर गेलेला असतो आणि वर्षाअखेर साठा साधारण साडेअठ्ठावीस लाखांवर उतरतो, त्यानंतर तो वेगाने आटतो आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस संपतो. खर्च ८ ऐवजी १० टक्क्यांनी वाढला तर हाच साठा आठ वर्षे आणि वर काही महिने पुरतो. तोपर्यंत आई ८६-८७ वर्षांची असेल आणि घर जसेच्या तसे हाताशी असेल. या आकड्यांत एक धोका लपलेला आहे: पहिल्या वर्षांत साठा फारसा हलत नाही हे पाहून त्यातून भाच्याच्या शिक्षणाला किंवा घराच्या नूतनीकरणाला पाच-सात लाख देण्याचा मोह होतो. ते पाच-सात लाख म्हणजे आईच्या शेवटच्या वर्षातली शुश्रूषा आहे.

आता ठेवींची मांडणी. पतसंस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. बँकेतील ठेवींना ते असते, पण फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. म्हणजे आईच्या ४२ लाखांपैकी पतसंस्थेतले १२ लाख पूर्णपणे आणि सहकारी बँकेतले ११ लाखांहून अधिक उघड्यावर आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला हजार रुपयेच काढता येत होते. नंतर कायदा बदलला आणि विम्याची रक्कम आता ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे, परंतु मावशीचा पगार ९० दिवस थांबत नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी ही जोखीम तरुण माणसाने घ्यावी की नाही हा वेगळा विषय आहे, अंथरुणाला खिळत चाललेल्या माणसाच्या पैशांनी ती घेऊ नये. पतसंस्थेतील ठेवी मुदत संपेल तशा बाहेर काढा आणि सहकारी बँकेत ५ लाखांच्या आतच ठेवा.

बाहेर काढलेल्या रकमेसाठी बहुतेक जण ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुचवतील आणि ती चांगलीच आहे. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख झाली, तेव्हापासून दर ८.२ टक्के चालत आला आहे, खाते उघडताना मिळालेला दर पाच वर्षे कायम राहतो आणि व्याज दर तिमाहीला जमा होते. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, तेवढा पाहून घ्या. परंतु तुमच्या आईच्या बाबतीत मी तिथे ३० लाख ठेवायला सांगणार नाही. हे खाते पती-पत्नीखेरीज कोणाबरोबर संयुक्त करता येत नाही. व्याज आपोआप जमा होत राहील, पण मुद्दल मुदतीआधी काढायचे झाले किंवा पाच वर्षांनी खाते बंद करायचे झाले तर अर्ज आईचाच लागतो. तेव्हा ती ८३ वर्षांची असेल आणि कदाचित कोणालाही ओळखत नसेल. म्हणून तिथे २० लाख ठेवावेत आणि उरलेल्या २२ लाखांच्या आई व तुम्ही अशा संयुक्त मुदत ठेवी कराव्यात, एकच मोठी ठेव न करता वेगवेगळ्या बँकांत आणि एकामागून एक मुदत संपत जाईल अशा. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना दिली म्हणजे काम झाले असे लोक समजतात. तसे नसते. अशी ठेव मुदतीआधी मोडायला बँका साधारणपणे दोघांची सही मागतात. मुदत संपून रक्कम संयुक्त बचत खात्यात आली की मग अडचण राहत नाही. म्हणूनच ठेवी लहान आणि मुदती आखूड. वर मी जो ७.३ टक्क्यांचा सरासरी दर धरला तो याच मांडणीवर, २० लाखांवर ८.२ आणि २२ लाखांवर साडेसहा टक्के धरून.

निवृत्तिवेतनाच्या खात्याबाबत एक व्यवहारी गोष्ट. ते खाते मुलांबरोबर संयुक्त करून घेण्यात अनेकदा नियमांची आडकाठी येते. त्याऐवजी निवृत्तिवेतन जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते तुमच्या दोघींच्या संयुक्त खात्यात वळते करण्याची स्थायी सूचना आईच्या सहीने बँकेला देऊन ठेवा. दर नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याची आठवण तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. अंथरुणावर असलेल्या निवृत्तिवेतनधारकाचा चेहरा ओळखून घरबसल्या डिजिटल दाखला देता येतो, आणि ते जमले नाही तर बँकेला लेखी कळवून घरी येण्याची विनंती करता येते. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिल्या आहेत. दाखला चुकला की निवृत्तिवेतन थांबते आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत महिन्याला २६ हजारांचे भगदाड पडते. प्राप्तिकराची चिंता मात्र सध्या करू नका. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून आईचे वार्षिक उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आत आहे आणि २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर लागत नाही. कर लागत नसल्याचे घोषणापत्र (फॉर्म १५एच किंवा त्याच्या जागी आलेला फॉर्म) बँकेत भरा म्हणजे व्याजातून उद्गम कर (टीडीएस) कापला जाणार नाही. आईच्या आजारावर तुम्ही स्वतःच्या विवरणपत्रात वजावट घ्यावी असे कोणी सुचवले तर लक्षात ठेवा की त्या वजावटी जुन्या कररचनेतच आहेत आणि त्यांतल्या मोठ्या वजावटींसाठी आई मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असावी लागते. स्वतःचे निवृत्तिवेतन घेणाऱ्या आईबद्दल तसे म्हणणे टिकणे अवघड आहे.

आता सह्यांचा विषय, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिले आहे की आई सकाळच्या वेळी बरीच स्पष्ट असते, माणसे ओळखते, पैशांचे बोलणे समजते आणि संध्याकाळी गोंधळते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात नेमक्या याच अवस्थेचा विचार आहे. कलम १२ सांगते की जी व्यक्ती एरवी अस्वस्थ मनाची असते पण मधूनमधून स्वस्थ असते, तिला स्वस्थ असताना करार करता येतो. तेव्हा निदान झाले म्हणून सर्व संपले असे नाही, आणि सही करता येते म्हणून सर्व ठीक आहे असेही नाही. प्रत्येक महत्त्वाच्या दस्ताच्या दिवशी तिच्या मेंदूविकारतज्ज्ञाचे किंवा मनोविकारतज्ज्ञाचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र घ्या, ज्यात तिला या व्यवहाराचा अर्थ समजतो असे स्पष्ट लिहिलेले असेल. सकाळची वेळ ठेवा. आईला चालणे कठीण असेल तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन नोंदणी करण्याची विनंती करता येते, नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. आईला जे समजत नाही त्यावर तिचा हात धरून सही किंवा अंगठा घेऊ नका. असा दस्त उद्या न्यायालयात टिकणार नाही हे तर झालेच, पण तिच्या हातात उरलेला शेवटचा अधिकार तिच्याच घरात तिच्याकडून काढून घेतला जातो, आणि त्यासाठी सांगितलेले कोणतेही कारण मला पटलेले नाही.

या दस्तांत लोकांचा सर्वांत मोठा विश्वास कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) असतो आणि तो अस्थानी आहे. त्याच करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन अस्वस्थ झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवता त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. काही देशांत मनाची क्षमता गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते, आपल्याकडे तसे नाही. आई पूर्णपणे असमर्थ झाल्यावर तिच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा याचिकांवर जवळच्या नातेवाइकांना पालक नेमलेले आहे, परंतु त्यात वकील, वैद्यकीय अहवाल आणि काही महिने जातात. ती वेळ येऊ नये म्हणूनच संयुक्त खाती, लहान ठेवी, स्थायी सूचना आणि नॉमिनेशन हे साधे मार्ग आधी मार्गी लावायचे. मृत्युपत्रही याच काळात व्हावे, दोन साक्षीदार आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह.

फ्लॅटबद्दल तुम्ही समजता त्याहून परिस्थिती थोडी वेगळी आहे. सोसायटीने भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईचे नाव लावले म्हणून ती एकटी मालक झाली नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा असतो. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. आज हे कोणाला खुपत नाही. पाच वर्षांनी घर विकावे लागले तर तिघांच्या सह्या लागतील, त्यातली एक सही करणारी समजण्याच्या अवस्थेत नसेल, आणि भाऊ अनिवासी असल्याने त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला वेगळा कर कापावा लागेल. म्हणून तुम्ही दोघांनी आपापले हिस्से आईच्या नावे हक्कसोड पत्राने सोडावेत असे मी सुचवतो. भावाला त्यासाठी भारतात येण्याची गरज नाही. अमेरिकेत मुखत्यारपत्र करून, त्यावर अपोस्टिल, म्हणजे दस्त परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, घेऊन ते इथे पाठवावे आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे. भाऊ समर्थ आहे, त्यामुळे कलम २०१ ची अडचण त्याच्या मुखत्यारपत्राला लागत नाही. आईच्या हातून हिस्सा काढून घेण्याऐवजी तिच्या हाती पूर्ण घर देणे हा मला योग्य क्रम वाटतो.

यावरून भावाच्या सूचनेचे उत्तर ओघानेच येते. महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागते, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त आणि सोपे असल्यामुळे हा मार्ग घरोघरी सुचवला जातो. पण बक्षीसपत्र झाले की आईची सर्वांत मोठी मालमत्ता ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तिची नसेल. भावाच्या किंवा तुमच्या हेतूवर मी शंका घेत नाही. तुमच्यापैकी एखाद्याचा अकाली मृत्यू, घटस्फोट किंवा कर्ज यांतूनही ते घर तिऱ्हाइताच्या हाती जाऊ शकते. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचे कलम २३ असे हस्तांतरण रद्द करण्याची सोय देते, पण सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले होते हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ च्या एका निकालात ही अट आवश्यक मानली आणि जानेवारी २०२५ च्या निकालात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. निकालांच्या या वाटचालीवर आईचे छप्पर अवलंबून ठेवण्यापेक्षा बक्षीसपत्र न करणेच बरे. भावाची खरी काळजी जर पुढे वाटणीत भांडण होऊ नये ही असेल तर तिला आईचे मृत्युपत्र पुरेसे आहे.

घरातून पैसा काढायचा झाला तर रिव्हर्स मॉर्गेजचे नाव तुमच्या कानावर येईल. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. साठीपुढचा घरमालक घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक हप्ते घेतो, ते करमुक्त असतात, हयातीत परतफेड करावी लागत नाही आणि मागे वारसांना कर्ज फेडून घर ठेवता येते. कल्पना चांगली आहे, पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी तिच्यात एक मोठी अडचण आहे. कर्जदाराने घर कायमचे सोडले, म्हणजे सलग वर्षभर तिथे राहिला नाही, तर कर्ज फेडीला येते. तुमच्या आईला उद्या शुश्रूषा केंद्रात हलवावे लागले तर नेमक्या त्या वेळी बँक पैसे परत मागेल. शिवाय व्याजावर व्याज चढत जाते. हातात ४२ लाख असताना हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

शुश्रूषा केंद्राचा विचार मात्र मनातून काढून टाकू नका, त्याची लाजही बाळगू नका. रात्री-अपरात्री उठून बाहेर जाणे, अंथरुणात कूस बदलायला दोन माणसे लागणे किंवा नळीने अन्न देणे सुरू झाले की घरातील एक मावशी पुरत नाही. तेव्हा घर आणि केंद्र यांची तुलना करताना लोक घरचा मावशीचा पगार आणि केंद्राचे शुल्क एवढेच समोरासमोर ठेवतात. ती तुलना अपुरी आहे. आई केंद्रात गेली की घरचे जेवण, वीज आणि दोन मावशींचा खर्च थांबतो आणि फ्लॅट भाड्याने देता येतो. त्या भाड्यातून केंद्राच्या शुल्काचा मोठा भाग निघू शकतो आणि विक्री टळते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे बंधनकारक आहे आणि त्यावर मालकाची सही लागते, तेव्हा ही शक्यता वर्षभरात दिसत असेल तर तो निर्णयही सह्यांच्या काळातच घ्या. केंद्र पाहताना डायपर व औषधे शुल्कात आहेत की वेगळी, रुग्णालयात दाखल असताना खाटेचे पैसे लागतात का, अनामत किती दिवसांत परत मिळते आणि रात्री किती रुग्णांमागे एक माणूस असतो, हे लेखी मागा.

घरची व्यवस्था आहे तोवर ब्यूरोशी लेखी बोलणे करा. कमिशन एकदाच की दर महिन्याला, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार, पोलीस पडताळणी झाली आहे का, हे ठरलेले असावे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात मावशी गावी जातात आणि त्यांनी जायलाच हवे. वर्षाचा अंदाज बारा ऐवजी तेरा महिन्यांचा धरा, त्यात दिवाळीचा बोनस आणि बदली माणसाचा जास्तीचा दर बसतो. माझ्या वरच्या हिशेबात हा तेरावा महिना धरलेला नाही, म्हणून ८ आणि १० टक्क्यांच्या वाढीपैकी १० टक्क्यांच्या आकड्यावरच विसंबा.

नोकरीबद्दल मी आधीच स्पष्ट लिहिले आहे, त्याचे कारण सांगतो. तुमच्या हातात महिन्याला ६८ हजार पडतात आणि साठीला नऊ वर्षे आहेत. नोकरी सोडली तर पगारवाढ न धरताही ७३ लाखांहून अधिक उत्पन्न जाते, भविष्य निर्वाह निधी वेगळाच, आणि वाचतो तो दिवसाच्या एका मावशीचा १८ हजारांचा पगार. आईच्या सगळ्या ठेवी मिळून ४२ लाखांच्या आहेत हे शेजारी ठेवून पाहा. पंचवीस-तीस वर्षांनी तुमच्या शुश्रूषेसाठी जो पैसा लागेल तो याच नऊ वर्षांत साठायचा आहे. आपल्याकडे मुलीने किंवा सुनेने नोकरी सोडली की त्याला त्याग म्हणतात आणि त्याची किंमत कोणी मांडत नाही, म्हणून ती मांडणे माझे काम आहे. घरून काम किंवा काही महिन्यांची रजा मिळत असेल तर ती अवघड टप्प्यासाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर किंवा मावशी बदलताना, राखून ठेवा.

भावाचा वाटा तुम्ही विचारला नाही, तरी तो ठरवायला हवा. आईचे पैसे पुरत असेपर्यंत त्याने पैसे पाठवायलाच हवेत असे नाही. पण रोजची धावपळ, रात्रीचे फोन आणि मावशी न आल्यावरची सकाळ तुमच्या वाट्याला आहे. त्याची भरपाई आईच्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम तुम्हाला देऊन करता येते. आईने मुलीला दिलेली रक्कम करपात्र नसते. मात्र हे आईच्या आणि भावाच्या लेखी संमतीने, आकडा ठरवून आणि बँकेतूनच व्हावे. दर महिन्याच्या शेवटी खात्याचा उतारा आणि खर्चाचे एक पान भावाला पाठवत जा. अशा घरांतली भांडणे आई गेल्यानंतर पैशांवरून होतात असे दिसते, प्रत्यक्षात ती न दाखवलेल्या हिशेबावरून होतात. भावाला खरोखर मदत करायची असेल तर त्याने वर्षातून तीन-चार आठवडे येऊन आईजवळ राहावे आणि त्या काळात तुम्ही दुसरीकडे राहावे. ही मदत पैशांनी विकत मिळत नाही.

एक शेवटचा दस्त, ज्याबद्दल बोलायला घरातले सगळेच टाळतात. पुढे बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वासोच्छ्वास किंवा अतिदक्षता विभागातील उपचार हवेत की नकोत, याबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकने पुरतात. मी हे खर्च वाचवण्यासाठी सुचवत नाही. परंतु ज्या कुटुंबांना रुग्णाची इच्छा माहीत नसते ती भीतीपोटी आणि अपराधी वाटू नये म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अनेक वर्षांच्या शुश्रूषेचा पैसा घालवतात, आणि तो ज्याच्यावर खर्च होतो त्याला त्यातून वेदनाच मिळतात. आईला एखाद्या शांत सकाळी विचारा. तिचे उत्तर काहीही असो, ‘सगळे करा’ असे असले तरी, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याची एक प्रत भावाला व एक नेहमीच्या डॉक्टरांना द्या.

कामांचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि वडिलांचे मृत्युपत्र होते का याचा शोध घ्या. त्याच वेळी भावाला अमेरिकेतील मुखत्यारपत्राच्या कामाला लागायला सांगा, कारण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. संयुक्त खाते, स्थायी सूचना आणि नॉमिनेशन महिन्याभरात होतात. मृत्युपत्र आणि उपचारांबद्दलचे इच्छापत्र एकाच सकाळी करता येतील, डॉक्टरांचा एकच दाखला दोन्हींना चालेल. पतसंस्थेतील ठेवींच्या मुदती पाहून, ज्या वर्षभरापेक्षा लांब असतील त्या थोडे व्याज सोडूनही आत्ताच आईच्या सहीने मोडा.